भंडारदऱ्याला काजवे बघायला येणाऱ्या पाहुण्यांना खुलं पत्र

मुंबई, पुणे, नाशिकहून काजवे बघायला येणाऱ्या ताई-दादांनो, नमस्कार.

मे महिन्याचा तिसरा आठवडा लागला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. काजवे निघाले का, शनिवारी तंबू मिळेल का, जेवणात चिकन आहे का, आणि मग हमखास एक प्रश्न असतो की गाडी काजव्यांच्या झाडापर्यंत जाते का. मी दरवेळी सांगतो की नाही जात, पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, तर पलीकडून उत्तर येतं की अहो दुसरे कॅम्पवाले तर थेट झाडाखाली पार्किंग देतायत. खरं आहे, देतायत. त्याच्याचबद्दल हे पत्र लिहायला बसलोय, कारण फोनवर एवढं सगळं बोलता येत नाही आणि एकदा सीझन सुरू झाला की ऐकायला कोणाला वेळ नसतो, मला पण नसतो.

मी धरणाच्या मागच्या अंगाला एका वाडीत राहतो. आम्ही महादेव कोळी, शेजारी ठाकरवाडी. घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो, अंगणात चार तंबू लावतो, आई आणि वहिनी स्वयंपाक करतात. म्हणजे आमचं निम्मं घर तुमच्या येण्यावरच चालतं, त्यामुळे येऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. आधी काय होतं ते माझ्या चांगलं लक्षात आहे. भात निघाला की घरं बंद करून लोक नारायणगावकडे मजुरीला जायचे, टोमॅटो तोडायला, कांदे लावायला, द्राक्षाच्या बागेत, जे मिळेल ते. सकाळी मजुरांच्या बाजारात जाऊन उभं राहायचं आणि कोणी शेतकरी गाडी घेऊन आला तर जायचं. मी स्वतः शाळा बुडवून दोन वर्षं आईबापाबरोबर गेलोय. उन्हाळ्यात हातात पैसा यायचा तो फक्त हिरड्याचा, कोवळा बाळहिरडा गोळा करून वाळवायचा आणि व्यापारी देईल त्या भावाला घालायचा. आज वाडीतली सात-आठ पोरं गावातच आहेत, कोणी गाईड आहे, कोणी सांदण दरीत दोर लावतो, कोणाची जीप आहे. हे पर्यटनामुळे झालं, आणि हे मी कोणाशीही बोलताना आधी सांगतो.

पण तुम्ही जे बघायला येता ते नेमकं काय आहे ते एकदा नीट सांगू द्या.

काजवा म्हणजे भुंग्याच्या जातीतला किडा. तुम्हाला उडताना, चमकताना दिसतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा, जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. त्याच्या आधी कितीतरी महिने तो अळी म्हणून जमिनीत, पालापाचोळ्याखाली, ओलीच्या आसऱ्याला राहतो, गोगलगायी आणि गांडुळं खातो, तिथेच कोष करतो. वळवाचा पाऊस पडून हवेत दमटपणा आला की बाहेर पडतो. मग जे काही करायचं ते या थोड्या दिवसांत, कारण मोठा पाऊस लागला की संपलं. पोटातल्या रसायनाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तो उजेड पडतो, त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. हा उजेड तुमच्या-माझ्यासाठी नाहीये हो, नर उडता उडता चमकतो आणि खाली गवतात, झुडपात बसलेली मादी त्याला चमकून उत्तर देते, तेवढ्यावर त्यांची गाठ पडते. त्यांच्याकडे आवाज नाही, त्यांचं सगळं बोलणं उजेडानेच चालतं.

आता त्यात गाडीचा हेडलाईट आला तर काय होईल?

मागच्या सीझनला माझ्यासोबत ठाण्याचं एक कुटुंब होतं, आईवडील, दोन पोरं आणि सत्तरीच्या आजी. आजींना धरून धरून आम्ही ओढ्याच्या कडेला एका मोठ्या सादड्याच्या झाडाखाली नेलं. नऊ वाजून गेले होते, चंद्र नव्हता. पहिली पाच मिनिटं कोणालाच काही विशेष दिसेना कारण डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि मग हळूहळू झाड दिसायला लागलं, म्हणजे झाड दिसत नव्हतं, पण खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत काजवेच काजवे, आणि ते सगळे एका तालात, खालून एक लाट उठायची ती वरपर्यंत जायची, क्षणभर मिट्ट काळोख, परत लाट. आजी काहीच बोलत नव्हत्या, फक्त माझा हात घट्ट धरून उभ्या होत्या. मी जन्मापासून बघतोय तरी मला दरवर्षी तेवढंच भरून येतं. तेवढ्यात वरच्या वळणावर एक गाडी आली, वळवायला जागा नाही म्हणून पुढेमागे करत राहिली, आणि तिचा पांढरा झोत दोन-तीन वेळा पूर्ण झाडावरून फिरला. झाड विझलं. अक्षरशः बटण बंद केल्यासारखं. आम्ही थांबलो, पाच मिनिटं, दहा मिनिटं, एकेक काजवा परत चमकायला लागला पण तो ताल काही परत आला नाही, कारण तोपर्यंत मागून आणखी गाड्या आल्या होत्या, लोक उतरून मोबाईलचा टॉर्च लावून ‘कुठेयत, कुठेयत’ करत झाडाच्या बुंध्यापर्यंत गेले, गवत तुडवत. त्याच गवतात माद्या बसलेल्या असतात.

त्या गाडीवाल्यांवर माझा राग नाहीये. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना तर गाडी झाडापर्यंत जाते असंच सांगून आणलं होतं.

आणि चूक आमची पण आहे, ती लपवणार नाही. तीन वर्षांपूर्वी बुकिंगला लोक विचारायचे की कॅम्पला लायटिंग आहे का, फोटो पाठवा. शेजारच्या कॅम्पवर माळा लागल्या, मग आम्ही पण अंगणात पिवळ्या दिव्यांच्या माळा लावल्या, तंबूंवरून, कुंपणावरून, घरामागच्या उंबरापर्यंत. फोटो छान आले, बुकिंग वाढलं. त्या वर्षी त्या उंबरावर काजवेच बसले नाहीत. मी लहान होतो तेव्हा त्या उंबराखाली खाट टाकून झोपायचो, आजी काजवे दाट दिसले की वडिलांना म्हणायची, राब (भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर पालापाचोळा टाकून जाळतात तो) भाजून झालाय का बघा, पाऊस आला. तो उंबर काळाच राहिला. पुढच्या वर्षी माळा काढल्या, ओट्यावरचा बल्बसुद्धा आता जेवणं झाली की बंद करतो. काजवे परत आले, पण थोडे, पहिल्यासारखे नाही. आई अजून त्या माळांचं नाव काढलं की बोलत नाही.

पार्किंगचं पण असंच आहे. तुम्ही ज्या मोकळ्या जागेत गाडी लावता ती मोकळी जागा नसते, ते कोणाचं तरी भाताचं खाचर असतं नाहीतर जंगलाची कड असते. वर सांगितलं तसं काजव्याची अळी आणि कोष मातीतच असतात, एका रात्रीत शंभर गाड्या फिरल्या की ती माती दगडासारखी घट्ट होते. पुढच्या वर्षीचे काजवे या वर्षी आपल्या चाकाखाली असतात असं मी गाईड पोरांना सांगतो, ते पाहुण्यांना सांगतात, काही जण ऐकतात. बरेच ऐकतात खरं तर, समजावून सांगितलं तर.

खाचराचं निघालंच आहे तर एक गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी जुलैमधे आवणी चालू होती. वरून धो धो पाऊस, चिखल गुडघ्याएवढा, बायका ओळीने वाकून रोपं लावतायत. आई एकदम थांबली आणि खाली बसली. पाय वर काढला तर टाचेच्या वर बाटलीची काच आरपार रुतलेली, बियरच्या बाटलीचा गळा होता तो, हिरवा. त्या खाचरात जूनमधे पाच-सहा गाड्या लागल्या होत्या. काच काढली, फडकं बांधलं, जीपमधे घालून दवाखान्यात नेलं, सात टाके पडले. आवणीचे दिवस म्हणजे एक दिवस गेला तर रोप म्हातारं होतं, आई पंधरा दिवस घरी, आम्ही मजूर लावून आवणी केली. नंतर मी आणि भाऊ त्या एका खाचरातून अर्धी गोणी काच वेचली. जिने आदल्या महिन्यात त्या पाहुण्यांना भाकऱ्या थापून घातल्या तिच्याच पायात ती काच गेली, हे मला अजून सहन होत नाही.

पैशाचं पण स्पष्ट बोलूया. तुम्ही ऑनलाइन माणशी जे पैसे भरता त्यातले वाडीत किती राहतात हे कोणी विचारत नाही, तर विचारा. कॅम्प बऱ्याचदा बाहेरच्या माणसाचा असतो. जागा आमच्यातल्या कोणाची तरी, तिला सीझनचं ठरावीक भाडं. स्वयंपाकाला आमच्या बाया, रोजावर. तंबू बाहेरचे, किराणा बाहेरचा, चिकन बाहेरचं, जनरेटर बाहेरचा, साउंड बाहेरचा. सीझन संपला की ते सगळं टेम्पोत भरून जातं आणि मागे राहतात पत्रावळ्या, थर्माकोलचे ग्लास आणि घट्ट झालेली जमीन. सगळे बाहेरचे वाईट आहेत असं अजिबात नाही, दोन-तीन ट्रेकिंग ग्रुप असे आहेत की ते दरवर्षी घरांमधेच जेवण ठेवतात, स्वतः कचरा उचलून घेऊन जातात, पोरांना गाईडचं काम शिकवतात. पण ते थोडे आहेत, आणि जे स्वस्तात पॅकेज देतात त्यांच्याकडे गर्दी जास्त.

पाण्याचं तर काय सांगू. आमच्या समोर एवढं मोठं धरण, १९२६ ला पुरं झालं, इंग्रजांच्या काळात, ते पाणी प्रवरेतून आणि कालव्यांतून खाली संगमनेर, श्रीरामपूरकडे जातं, तिकडे ऊस पिकला, कारखाने उभे राहिले. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस आमच्या घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पडतो, पण उतार आणि काळा कातळ, पाणी थांबतच नाही. मे महिन्यात वरच्या वाड्यांवर बायका झिऱ्यावर बसून वाटीवाटीने हंडा भरतात. आणि बरोब्बर त्याच वेळी तुमचा सीझन असतो. एका शनिवारी रात्री शेकडो माणसं येणार, त्यांना प्यायला पाणी, स्वयंपाकाला पाणी, सकाळी संडासला पाणी, आणि काही जणांना आंघोळीला गरम पाण्याच्या दोन बादल्या. पाहुण्याला पाणी नाही म्हणणं आमच्यात जमत नाही, आई आधी पाहुण्यांची टाकी भरते. तुम्ही स्वतःहून एक बादली कमी वापरली ना, तर ती खरोखर कोणाच्या तरी डोक्यावरची कमी होते.

एक प्रसंग लिहू की नको असं वाटत होतं पण लिहितो. माझा पुतण्या, नऊ वर्षांचा. एका रात्री प्लास्टिकच्या बाटलीत वीस-पंचवीस काजवे कोंबून घेऊन आला, झाकणाला भोकं पाडलेली. म्हटलं हे काय, तर म्हणाला एका काकांनी पन्नास रुपये दिले, त्यांच्या बाळाला दाखवायला पाहिजेत, अजून एक बाटली आणली तर अजून पन्नास. आमच्या घरात काजवा पकडायचा नसतो हे त्याला कोणी वेगळं शिकवलं नव्हतं आणि आम्हाला पण कोणी शिकवलं नव्हतं, ते नुसतं असायचं. ते एका रात्रीत पन्नास रुपयाला गेलं. मी बाटली उघडून ओढ्यापाशी ओतली, निम्मे उडाले. पोरगा रडला. त्याला मारलं नाही, काय म्हणून मारू, त्याने कष्ट करून पैसे कमावले असंच त्याला वाटत होतं.

तसंच आमच्या नाचाचं. कॅम्पवर ‘आदिवासी नृत्य’ ठेवतात, ठाकरवाडीच्या माणसांना बोलावतात, डोक्याला बाजारातली पिसं बांधायला लावतात जी आमच्याकडे कोणी बांधत नाही, वीस मिनिटं नाचवतात आणि लगेच डीजे लागतो. आमच्या भागात बोहाडा होतो, त्यात देवांची सोंगं निघतात, मुखवटा चढवायच्या आधी त्याची पूजा होते, रात्रभर गाव जागं असतं. एका आयोजकाने विचारलं होतं की ते मुखवटे शनिवारी फोटोसाठी मिळतील का, भाडं देतो. जुन्या माणसांनी नाही सांगितलं, बरं झालं. तुम्हाला खरंच आमच्याबद्दल जाणून घ्यायचंय ना, तर चुलीपाशी येऊन बसा, आईला विचारा राब कसा भाजतात, काळभात कोणता, वरई कशी सडतात. आमच्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी जी गावरान बियाणी जपली ती असल्याच घरांमधून आलेली. आमच्या आयांना असलं खूप माहिती असतं, विचारणारं कोणी नसतं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की मग बंदच करा. बंद करायची गरज नाही, दुसरीकडे लोकांनी मार्ग काढलेत. साताऱ्याच्या कास पठारावर दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली, बुकिंग ऑनलाइन, आणि तिथल्या गावांच्या समित्यांची पोरं-पोरी गेटवर, पार्किंगला, फुलांवर लक्ष ठेवायला असतात. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागते, पुढे पायी जा, घोड्यावर जा, मिनी ट्रेनने जा, तरी लोक जातातच ना? अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स म्हणून नॅशनल पार्क आहे, तिथे पण एका तालात चमकणारे काजवे आहेत, तर तिथे काजव्यांच्या दिवसांत यायला लॉटरी लागते, नंबर लागला तरच गाडी आत. आणि आमचं काय साधं माळरान आहे का, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे हे, १९८६ पासूनचं. नियम आहेत, फी घेतात, पण शनिवारच्या रात्री बारीपासून शेंडीपर्यंत गाड्यांची रांग लागली की कोण कोणाला अडवणार. आम्ही ग्रामसभेत मांडलंय की एकूण गाड्यांना मर्यादा घाला, सगळ्या गाड्या गावाच्या अलीकडे थांबवा आणि पुढे गावातला माणूस बरोबर असल्याशिवाय सोडू नका. त्याला वेळ लागेल, आणि आमच्यातल्याच ज्यांनी पार्किंगचे पैसे घ्यायला सुरुवात केलीय ते विरोध करतायत, त्यांना पण पोट आहे. पण तुमच्या हातात आहे ते तुम्ही या सीझनपासूनच करू शकता.

शनिवार सोडून या, मंगळवार-बुधवारी आलात तर अख्खं झाड तुमचं. पौर्णिमेच्या आसपास नका येऊ, चांदण्यात दिसत पण नाहीत नीट. बुकिंग करताना ‘लायटिंग आहे का’ विचारायच्या ऐवजी ‘लाईट किती वाजता बंद करता’ असं विचारा, पाच-दहा जणांनी विचारलं ना तरी कॅम्पवाले माळा काढतील, ते गिऱ्हाईक बोलेल तसंच करतात. आणि विचारा की कॅम्प कोणाचा आहे, जेवण कुठल्या घरचं आहे. झाडाच्या बुंध्याशी जायचं नाही, वाटेवर उभं राहून बघायचं. टॉर्च लागलाच तर त्यावर लाल जिलेटिनचा कागद लावून पायाशी धरा. मोबाईल खिशात ठेवा, तुमच्या मोबाईलमधे काजवे येणारच नाहीत, काळा चौकोन येतो, ते जे व्हिडिओ तुम्ही बघता त्यातले बरेच कॅमेरा स्टँडवर लावून, वेगवेगळ्या वेळचे फोटो एकत्र जोडून केलेले असतात. लहान मुलं असतील तर त्यांना आधी घरी सांगून आणा की आपण ओरडायचं नाही आणि हातात घ्यायचं नाही, मुलं मोठ्यांपेक्षा चांगलं ऐकतात हा माझा अनुभव आहे. बाटल्या, प्लेटा, चिप्सची पाकिटं, जे गाडीतून आणलं ते गाडीतून परत. काचेची बाटली तर आणूच नका, माझ्या आईसाठी तरी.

आमच्याकडे येणार असाल तर गाडी खाली शाळेपाशी लावायची, तिथे मी नाहीतर भाऊ घ्यायला येतो. उजेड आहे तोवर पोचा म्हणजे वाट बघून घेता येईल. जेवण साडेसातला, नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी, पिठलं, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर गावरान कोंबडी. साडेआठला चूल विझवतो, ओट्यावरचा दिवा बंद करतो आणि निघतो. ठाण्याच्या त्या आजींचा परवा फोन आला होता, म्हणाल्या त्या दिवशी मन भरलं नाही, यंदा परत यायचंय, गाड्या नसतील अशा दिवशी. त्यांना जूनच्या पहिल्या आठवड्यातला बुधवार दिलाय.

तुमचा,
धरणामागच्या वाडीतला एक गाईड